पितळी पाटी आणि तीन टँकर

दिवाळीच्या आधी आठवडाभर आमच्या लॉबीतली पितळी पाटी ब्रासो लावून लख्ख केली जाते. पाटीवर एक पान कोरलेलं आहे, खाली साल आणि मोठ्या अक्षरांत ‘गोल्ड’. इमारत ‘ग्रीन’, म्हणजे पर्यावरणपूरक, असल्याचं हे मानांकन. फ्लॅट बघायला येणाऱ्यांना एजंट आधी ती पाटी दाखवतो, मग लिफ्ट. २०१९ मध्ये चरईतलं बिऱ्हाड हलवून आम्ही इथे घोडबंदर रोडला आलो तेव्हा मलाही दाखवली होती. मी म्हटलं, गोल्ड आहे म्हणजे चांगलंच असणार. ज्यानं उभी हयात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये व्हाउचर तपासण्यात घालवली, त्या माणसानं ऐंशी लाखांच्या वर व्यवहार करताना एवढ्यावर भागवावं, याची आता लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर एका वार्षिक सभेत मी टँकरच्या खर्चाबद्दल प्रश्न विचारला. सोसायटीत प्रश्न विचारणाऱ्याला काय शिक्षा होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी खजिनदार झालो.

पाटी कुणी दिली आणि इमारत कुणी बांधली, ते इथे लिहीत नाही. त्यानं काही फरकही पडत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते ऐकून आजूबाजूच्या चार सोसायट्यांच्या खजिनदारांनी “आमच्याकडेही अगदी हेच” असं म्हटलेलं आहे.

तर, बिल्डरनं हँडओव्हरच्या वेळी दिलेल्या बॉक्स फाइल्स ऑफिसच्या कपाटावर पडून होत्या. त्यातल्या दोन जाडजूड फाइल्स या पाटीच्या. ऑगस्टात पावसानं घरी बसवलं, तेव्हा चष्मा लावून त्या पानापानानं वाचल्या. आधी वाटलं होतं, काहीतरी शास्त्रीय आणि अगम्य असेल. निघाली सरळ गुणपत्रिका. प्रत्येक विषयाला गुण, बेरीज करायची, बेरजेवर वर्ग. अमेरिकेच्या ‘लीड’ पद्धतीत ११० पैकी ४० मिळाले तर नुसतं प्रमाणपत्र, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. आपल्याकडे सीआयआय या उद्योगांच्या संघटनेनं २००१ मध्ये काढलेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल आहे, तिचेही वर्ग याच नावांचे. दिल्लीच्या ‘टेरी’ या ऊर्जा संशोधन संस्थेनं केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा खात्याबरोबर बसवलेली ‘ग्रिहा’ पद्धत मात्र हॉटेलसारखे एक ते पाच तारे देते. या सगळ्यांची थोरली बहीण ब्रिटनची ‘ब्रीम’, १९९० सालची. हैदराबादला सीआयआयची जी इमारत आहे, राष्ट्रपती कलामांनी २००४ मध्ये उद्घाटन केलेली, ती अमेरिकेबाहेरची पहिली लीड प्लॅटिनम इमारत. म्हणजे हा खेळ आपल्याकडे काही कालपरवा आलेला नाही.

गुण कशाकशाला आहेत ते वाचताना मजा वाटली. बस स्टॉप जवळ आहे, गुण. शाळा, दवाखाना, वाणी चालत जाण्याच्या अंतरावर, गुण. फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) घातलेलं सिमेंट वापरलं, गुण. झाडं तोडली त्याच्या बदल्यात लावली, गुण. सायकल स्टँड आहे, गुण. आमचा सायकल स्टँड पोडियमच्या खाली, चोवीस सायकलींचा. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, कंटेनर आणि खड्डे यांच्यामधून सायकल घालणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. भेटला तर आधी त्याचा विमा विचारीन. स्टँडवर सध्या मुलांच्या चाकं गेलेल्या सायकली आणि एक ट्रेडमिल आहे.

एका पानावर मात्र मी अडलो. तिथे लिहिलं होतं, पाण्यात इतके टक्के बचत, विजेत इतके टक्के बचत. माझ्यातला जुना कारकून लगेच विचारतो, कशापेक्षा? गेल्या वर्षीपेक्षा? शेजारच्या इमारतीपेक्षा? पुढची दहा पानं वाचल्यावर उत्तर मिळालं. बचत मोजायला आधी एक नमुन्याची इमारत धरतात. आकार आमच्याच इमारतीचा, पण काचा, भिंती, नळ, दिवे हे सगळं नियमात बसेल इतपत साधं. ही इमारत कॉम्प्युटरमध्ये वर्षभर चालवतात, मग आमची चालवतात, आणि दोन्हींतला फरक म्हणजे बचत. म्हणजे कधीच न बांधलेल्या इमारतीच्या न आलेल्या बिलातून, अजून कुणी राहायला न आलेल्या इमारतीचं बिल वजा करायचं. हे चूक आहे असं माझं म्हणणं नाही. इमारत उभी राहायच्या आधी दुसरं काय करणार? पण आमच्या धंद्यात याला अंदाजपत्रक म्हणतात. आणि अंदाजपत्रकानंतर वर्ष संपलं की ताळेबंद येतो. मी दोन्ही फाइल्स उलट्यापालट्या केल्या. ताळेबंद नव्हता.

घरच्या फ्रिजवरची चिट्ठी बघा. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या त्या चिट्ठीवर तारे असतात, वर्षाला किती युनिट खाणार तो आकडा असतो, आणि ते तारे कोणत्या काळापुरते खरे तेही छापलेलं असतं. ऐंशी लाखांच्या घराच्या पाटीवर यातलं काही नाही. नुसतं पान.

मग ठरवलं, ताळेबंद आपणच करायचा. सुरुवात पाण्यापासून केली, कारण आमच्या मेन्टेनन्समधलं सगळ्यात मोठं भोक तेच होतं.

ठाणे महापालिकेचं स्वतःचं धरण नाही. तिकडे नवी मुंबईनं मोरबे घेऊन ठेवलंय, त्यामुळे वाशीचा मेहुणा उन्हाळ्यात फोनवर जरा जास्तच प्रेमानं “पाणी कसं आहे?” विचारतो. आमचं पाणी भातसा धरण, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी असं इकडून तिकडून येतं आणि घोडबंदरच्या टोकाला पोचेपर्यंत दमतं. उरलेलं टँकरनं. गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात दहा हजार लिटरचे ११८ टँकर आले. एकेकाला अडीच हजार रुपये. गुणाकार करून बघा, मी रोज करायचो.

फाइलमध्ये पाण्याचं गणित स्वच्छ मांडलेलं होतं. माणशी दिवसाला १३५ लिटर, त्यातले ४५ लिटर फ्लशला. हे काही बिल्डरचे आकडे नव्हेत, भारतीय मानकातले आहेत. आमचे फ्लॅट १६८, घरटी चार माणसं धरली तर ६७२. गुणिले ४५ म्हणजे दिवसाला तीस हजार लिटर पाणी नुसतं फ्लशला. ते सगळं एसटीपीतून, म्हणजे इमारतीच्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधून, शुद्ध होऊन यायचं, त्यासाठी डक्टमध्ये वेगळा पाइप, गच्चीवर वेगळी टाकी. तीस हजार लिटर म्हणजे बरोबर तीन टँकर. रोजचे.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो. पंपमनला विचारलं, फ्लशची टाकी कुठली? त्यानं दाखवली. तिच्या डोक्यावर एक व्हॉल्व्ह होता, हँडलला तार गुंडाळून उघडा ठेवलेला, आणि त्यातून पिण्याच्या टाकीचं पाणी आरामात फ्लशच्या टाकीत पडत होतं. “हे कधीपासून?” “साहेब, मी लागलो तेव्हापासून असंच आहे.” तो लागला २०२१ ला.

थोडी चौकशी केल्यावर हकीकत कळली. सुरुवातीला फ्लशला पिवळट पाणी आलं, वास आला. दहाव्या मजल्यावरच्या वहिनींनी ग्रुपवर फोटो टाकला. (टॉयलेटचा फोटो, सकाळी साडेसातला, एकशे साठ घरांच्या ग्रुपवर.) त्या काळच्या कमिटीनं एजन्सीला झापलं, एजन्सीनं प्लंबरला, प्लंबरनं व्हॉल्व्ह उघडून तार बांधली. वास गेला. सगळे खूश. त्याच सुमारास कुणाच्या तरी लक्षात आलं की एसटीपीत हवा मारणारा ब्लोअर रात्रभर चालतो आणि वीज खातो. मग वीज वाचवायला तो रात्री दहा ते सकाळी सहा बंद करायचा ठराव झाला. ठरावाची प्रत माझ्याकडे आहे. ‘पर्यावरणपूरक उपाय’ असं शीर्षक आहे तिला.

आता हिशोब बघा. साडेसात हॉर्सपॉवरचा ब्लोअर, म्हणजे साधारण ५.६ किलोवॅट. आठ तासांचे ४५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेचारशे रुपये. दिवसाला साडेचारशे वाचवण्यासाठी आम्ही साडेसात हजारांच्या पाण्यावर पाणी सोडलं होतं. टाळेबंद कंपनीतही असा हिशोब कुणी सहीसाठी पुढे केला नसता.

एसटीपी तळघरात, दुसऱ्या बेसमेंटच्या कोपऱ्यात. तिथे मी पहिल्यांदा गेलो तो नाकाला रुमाल लावूनच. ऑपरेटर पंचविशीचा पोरगा, शहापूर तालुक्यातला. मला वाटलं होतं, हा बटणं दाबण्यापुरता असेल. त्यानं एक लिटरचं प्लास्टिकचं नळकांडं आणलं, रेघा मारलेलं, आणि हवा मारायच्या टाकीतलं पाणी त्यात भरून टेबलावर ठेवलं. म्हणाला, “काका, अर्धा तास बसा.”

बसलो. नळकांड्यातलं पाणी गढूळ राखाडी होतं. चांगल्या प्लांटमध्ये काय होतं ते तो सांगत होता. त्या पाण्यात जिवाणू असतात, तेच घाण खातात, आणि हवा मिळाली की त्यांचे एकमेकांना चिकटून चॉकलेटी पुंजके होतात. अर्ध्या तासात ते खाली बसले पाहिजेत, साधारण २५० ते ३०० च्या रेघेपर्यंत, आणि वर नितळ पाणी राहिलं पाहिजे. वास शेणखताच्या खड्ड्यातल्या ओल्या मातीसारखा यायला हवा. आमच्या नळकांड्यात अर्ध्या तासानं तळाला जेमतेम बोटभर काळं काहीतरी बसलं होतं, आणि वर तेच गढूळ पाणी. वास सडक्या अंड्याचा. “रात्री हवा बंद केली की हे मरतात काका. सकाळी मी परत चालू करतो, दिवसभरात थोडे जगतात, रात्री परत मरतात. मी लिहून दिलं होतं.” त्यानं लॉगबुक दाखवलं. तीन वर्षांची नोंद, रोजची, निळ्या शाईत. प्रत्येक पानावर कमिटीच्या माणसाची सही. वाचून केलेली एकही नसणार.

तो प्लांट जिवंत करायला सव्वा महिना लागला. ब्लोअर चोवीस तास सुरू केला, आणि जिवाणूंचं विरजण लावायला शेण, गूळ आणि थोडा युरिया. माझ्या मेन्टेनन्सच्या खात्यात ‘शेण, कासारवडवलीचा तबेला, सहा गोणी’ असं व्हाउचर आहे. ऑडिटरनं त्यावर प्रश्नचिन्ह काढलं, मी त्याला तळघरात नेऊन नळकांडं दाखवलं. त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही. सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टरमधला माल बदलला, जंतुनाशक हायपोचा डोसिंग पंप दुरुस्त केला. ज्या दिवशी पुंजके २५० ला बसले, त्या दिवशी पोरानं मला फोटो पाठवला. मी तो फोटो बायकोला दाखवला. ती म्हणाली, “नातवाचा एवढ्या कौतुकानं दाखवत नाही.”

त्याच पोरानं एकदा गप्पांत सांगितलं की त्याच्या गावाला एप्रिलपासून टँकर येतो. भातसा धरण त्याच तालुक्यात आहे. मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्याच्या तालुक्याचं पाणी वापरून सांडलेलं आमचं पाणी तो रोज निवळून देतो.

व्हॉल्व्हची तार सोडली, बायपास बंद केला आणि फ्लशच्या लाइनला मीटर बसवलं. पहिल्या आठवड्याचा आकडा बघून मी पुन्हा टेबलावर डोकं टेकलं. तीस हजार लागायला हवेत तिथे रोज बावन्न हजार लिटर जात होतं. एका रात्री दोन वाजता आणि चार वाजता रीडिंग घेतलं. अख्खी इमारत झोपलेली आणि दोन तासांत तीन हजार लिटर गायब.

इथे आमच्या महिला मंडळानं जे केलं ते कुठल्याही कन्सल्टंटला सुचलं नसतं. कपड्यांना घालतात ती नीळ आणली, चमचाभर चमचाभर कागदाच्या पुड्यांत बांधली आणि १६८ घरांत वाटली. सोबत सूचना: रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत टाका, फ्लश करू नका, सकाळी भांड्यात बघा. भांड्यातलं पाणी निळं झालं तर तुमची टाकी गळते. ग्रुपवर सकाळी सहापासून निळे फोटो. टॉयलेटच्या फोटोंची परंपरा आमच्याकडे जुनी, पण या वेळी कुणी चिडलं नाही. बहुतेक जण अभिमानानं टाकत होते. ७८ घरांतून फोटो आले, काहींच्या दोन्ही बाथरूममध्ये निळं. सगळीकडे दोष एकच: ड्युएल फ्लशच्या टाकीतला तळाचा रबराचा वायसर झिजलेला. एका प्लंबरला चार दिवस सोसायटीच्या खर्चानं घरोघर फिरवला. रोजचा आकडा चौतीस हजारांवर आला.

गंमत म्हणजे पाटीच्या फाइलमध्ये या ड्युएल फ्लशला गुण आहेत. छोटं बटण तीन लिटर, मोठं सहा. कागदावर टाकी गळत नाही. नळांनाही गुण होते, त्यांच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी बसवलेली होती म्हणून. पहिल्या दोन वर्षांत निम्म्या लोकांनी “फोर्स नाही” म्हणून ती काढून टाकली. इंटिरियरवाल्यांनी तर नळच बदलले आणि छतातून ताटाएवढे शॉवर सोडले. आमच्या घरीही आहे एक. चिरंजीवांचा हट्ट. त्याच्याखाली मी बादली ठेवून एकदा मोजलं होतं, पण तो आकडा घरातल्या शांततेसाठी इथे देत नाही.

पावसाच्या पाण्याचंही सांगतो, कारण त्यावर लोकांची फार भाबडी श्रद्धा आहे. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. आमची गच्ची ६२० चौरस मीटर. थोडं वाया धरून वर्षाला बारा लाख चाळीस हजार लिटर हाती येईल. ऐकायला भरपूर वाटतं. आमचा रोजचा खप १३५ च्या हिशोबानं नव्वद हजार, म्हणजे वर्षभराचा पाऊस साडेतेरा दिवस पुरेल. तोही सगळा साठवता आला तर. २८ मजल्यांच्या टॉवरला माणसांच्या मानानं डोक्यावर छप्पर फार लहान असतं, हे साधं गणित आहे. चार मजली इमारतीत तेच पाणी कितीतरी दिवस जाईल. तरी आमची साठ हजारांची टाकी आहे, जून ते सप्टेंबर बाग आणि गाड्या तिच्यावर भागतात, आणि जास्तीचं पाणी बोअरच्या खड्ड्यात जातं. करावंच. पण टँकर बंद होतील असं सांगून सभेत टाळ्या घेऊ नयेत.

ओल्या कचऱ्याचं मशीन आहे. पाच हजार चौरस मीटरच्या वरच्या संकुलांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या नियमांनी घालून दिलं. मशीनच्या खोलीत गणपतीचं मखर होतं. मखर हलवलं, मशीन सुरू आहे, भुसा महाग झालाय. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

विजेचा ताळेबंद मात्र अजून अर्धाच आहे, आणि तिथे माझं समाधान होत नाही. आमच्या भिंती मिवानच्या. म्हणजे विटा नाहीत, ब्लॉक नाहीत, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट. काम झपाट्यानं होतं, आठवड्याला मजला चढतो, गळती कमी, म्हणून इकडचे बहुतेक टॉवर तसेच. पण मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये रात्री साडेदहाला मुलाच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. आत्ताच खाली उतरवलेल्या तव्यासारखी नाही, पण दुपारी उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटसारखी नक्की. हलक्या एएसी ब्लॉकच्या (सिमेंटच्या सच्छिद्र विटांच्या) मानानं काँक्रीटमधून उष्णता आठ-नऊ पट सहज जाते. दिवसभर पश्चिमेचं ऊन पिऊन ती भिंत रात्रभर ते खोलीत सोडते, आणि एसी ते बाहेर फेकत बसतो. फाइलमध्ये मात्र याच काँक्रीटला फ्लाय अ‍ॅशचे गुण आहेत. एका विषयात पास, दुसऱ्यात काठावर, बेरीज गोल्ड.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली, तिच्यात घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे: चौरस मीटरला १५ वॅट. सगळ्या गुणांच्या भेळेपेक्षा मला हा एक आकडा जास्त आवडतो. फ्लॅट घेताना बाकी काही कळलं नाही तरी हा विचारावा. एजंटचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आमच्या घराचा आकडा मी काढला तो असा: कार्पेट ७० चौरस मीटर, वर्षाचे युनिट तीन हजार, भागाकार ४३. ही चौरस मीटरमागची वर्षाची युनिटं. ब्यूरो जुन्या ऑफिस इमारतींना तारे देताना असाच, प्रत्यक्ष बिलांवरून भागाकार करतं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. म्हणजे ताळेबंदाची कल्पना कुणाला तरी सुचली होती. ग्रिहाच्या ताऱ्यांनाही पाच वर्षांची मुदत असते. आमच्या पाटीवर अशी काही तारीख असती तर ती घासण्याआधी कुणीतरी वाचली असती.

चरईतल्या जुन्या घराला किती तारे मिळाले असते, असा विचार मध्ये आला होता. मंगलोरी कौलं, लाकडी जिना, दोन्ही बाजूंनी वारा, पंखा पुरायचा. मग आठवलं की सार्वजनिक नळ पहाटे पाच ते सात होता, संडास चार बिऱ्हाडांत एक, आणि पावसाळ्यात पातेली कुठे कुठे ठेवायची ते आईला पाठ होतं. पाण्याची बचत तिथे सक्तीची होती. त्यामुळे तो विचार मी तिथेच सोडला.

आता गेल्या महिन्यातली सभा. पाटी नव्यानं घ्यायची का, असा विषय होता. राहत्या सोसायट्यांसाठीही मानांकन मिळतं, एका कन्सल्टंटनं दरपत्रक दिलं होतं. सातव्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, प्लॅटिनमसाठी अर्ज करा, फ्लॅटला भाव येईल. एका तरुण मुलीनं विचारलं, ही पाटी एवढी फोल आहे तर सगळं नाटकच ना? पाटी बिल्डरनं स्वतःच्या फायद्यासाठी घेतली, फुकट का नाचायचं?

तिचा अर्धा मुद्दा खरा आहे. २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत तर हिरव्या इमारतीला जादा एफएसआयच, म्हणजे जास्त बांधायची मुभाच, आहे: सिल्व्हरला किंवा तीन ताऱ्यांना ३ टक्के, गोल्डला किंवा चार ताऱ्यांना ५, प्लॅटिनमला किंवा पाच ताऱ्यांना ७. म्हणून हल्ली घोडबंदरच्या प्रत्येक होर्डिंगवर ‘प्री-सर्टिफाइड’ असतं. ते नुसत्या नकाशावर मिळतं, पाया खणायच्याही आधी.

पण मी तिला डक्ट दाखवायला नेलं. तिथे दोन पाइप शेजारी शेजारी वर जातात. एक पिण्याच्या पाण्याचा, दुसरा फ्लशचा. तो दुसरा पाइप गुणांसाठी टाकला होता, हे मला मान्य आहे. पण तो आहे. २८ मजले, १६८ फ्लॅट, प्रत्येकात दोन बाथरूम, सगळ्यांच्या टाइल्सच्या मागे तो आज नव्यानं घालायचा म्हटला तर सोसायटी विकावी लागेल. समोरच्या जुन्या इमारतीचे खजिनदार माझ्याकडे येऊन सगळं बघून गेले आणि जाताना म्हणाले, “आमच्याकडे एकच पाइप आहे हो.” त्यांचे टँकर चालूच आहेत. आमच्या या मे महिन्याचे ४६ झाले.

शेवटी पाटीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला, कन्सल्टंटच्या फीएवढे पैसे गच्चीवरच्या सोलरकडे वळवले. २५ किलोवॅटचं ठरलंय, अडीचशे चौरस मीटर जागा जाईल, दिवसाला शंभर युनिट मिळावेत. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटला १८ हजारांचं अनुदान आहे, म्हणजे साडेचार लाख. गच्चीवर पापड-कुरडया वाळवणाऱ्यांचा विरोध आहे. तो मी गंभीरपणे घेतलाय, कारण त्यात माझी बायको आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला मी नोटीस बोर्डवर एक कागद लावतो. पाणी आत किती, फ्लशला किती, टँकर किती, सामाईक युनिट किती, मागच्या वर्षी याच महिन्यात किती. लॉबीत, पाटीच्या बरोबर खाली. या महिन्याचा अजून लागलेला नाही, कारण फ्लशच्या मीटरच्या काचेत आतून वाफ धरली आहे आणि शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत. शहापूरचा पोरगा आत्ता टॉर्च घेऊन डक्टमध्ये शिरलाय. फोनवर ओरडून सांगतोय, “काका, आठ आहे का तीन आहे, थांबा, पुसून बघतो.”